आधी कडी, मग झोप

"ह्या लॅपटॉपात आता ब्रह्मदेवालाबी डोकावता यायचं न्हाय!" अण्णांनी जाहीर केलं आणि झाकण उघडलं. पडद्यावर दोन सेकंद त्यांचा राजीनामा झळकला. मग कुठे पासवर्डची चौकट आली.

तेवढ्यात समोर बसलेल्या क्रांतीनं मथळा, तारीख आणि खालची सही वाचून घेतली होती. क्रांती ही अण्णांची पुतणी. पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, चार दिवस कोल्हापूरला आरामाला आलेली.

"अण्णा, हा आधी झोपतोय आणि जागा झाल्यावर कुलूप लावतोय."

"म्हंजे रातभर गोठा उघडा, आणि सकाळी उठून कडी?" अण्णा हादरले.

हादरण्यासारखंच होतं. गल्लीच्या तालीम मंडळाचे ते बावीस वर्षं अध्यक्ष. रविवारच्या सभेत अचानक राजीनामा वाचायचा. सभा सुन्न व्हायची. मग सगळ्यांनी उठून 'अण्णा, तुम्ही गेलासा तर तालमीनं बघायचं कुणाकडं?' असं म्हणायचं, आणि अण्णांनी नाइलाजानं तहहयात राहायचं, असा साधा बेत होता. बातमी आधी फुटली तर नाइलाजाला जागाच उरत नव्हती. त्यात शेजारचा पिराजी, म्हणजे मंडळाचा उपाध्यक्ष, रोज चहाला येऊन ह्याच लॅपटॉपवर कुस्त्या बघायचा.

"पोरी, हे तुझ्या काकूलाबी ठाऊक न्हाय. बंदोबस्त कर."

क्रांतीनं बंदोबस्त केला. पडद्याला कुलूप पडल्याची खात्री झाल्याशिवाय यंत्रानं झोपायचं नाही, असा हुकूमच तिनं आत लिहून ठेवला. झाकण मिटून बघितलं. चार्जर काढून बघितलं. दहा मिनिटं हात न लावता बघितलं.

"आता तुम्ही काहीतरी टाइप करा. मग मिटून बघू."

अण्णा खिडकीपाशी सरसावून बसले. उमेदीची सगळी वर्षं कुस्तीच्या मैदानात निवेदन करण्यात गेलेली. वीज जाऊन माइक बंद पडला तरी त्यांचं निवेदन कधी अडलं नव्हतं. दोन बोटांनी ते राजीनाम्याचा चौथा खर्डा लिहू लागले. "प्रकृतीच्या... व... कौटुंबिक... कारणास्तव... जड... अंतःकरणाने... पूर्णविराम."

मग वीस वेळा झाकण मिटलं, वीस वेळा उघडलं. वीसही वेळा कुलूप. अण्णांनी स्वतःचा पासवर्ड दोनदा मुद्दाम आणि एकदा खरोखरच चुकवला, तरी यंत्र बधलं नाही.

"शाब्बास!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "आता रविवारपातुर ह्या कानाचं त्या कानाला कळायचं न्हाय!"

तेवढ्यात खिडकीखालच्या भिंतीपलीकडून बाळाबाईंची हाक आली. बाळाबाई म्हणजे पिराजीची बायको.

"अण्णा, तुमच्या सत्काराची शाल आणली बगा. आणि आमच्या ह्यास्नी अध्यक्ष करायचंबी गल्लीत ठरलं. फकस्त आजचं प्रकृतीच्या म्होरलं दुसरं कारण आमच्या मिक्सरात गेलं. तेवढं परत एकदा टाइप करा की!"