मापाचा माणूस

जमिनीच्या पोटात काय दडलंय ते शोधायला सरकारने नवंकोरं खातं काढलं होतं. खातं म्हणजे काय, तर दोन खोल्या, दगडांनी भरलेलं एक कपाट, एक साहेब आणि देशभरचे डोंगर तपासायला एकुलता एक भूवैज्ञानिक. तो वर्षभराने रानातून परतला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, पुढच्या खेपेला सोबतीला एखादा माणूस द्या."

साहेबांनी त्याने आणलेले फोटो टेबलावर पत्त्यांसारखे पसरले. जिथे बघावं तिथे कड्याच्या पायथ्याशी कोट-टोपीतला कुणीतरी पाठमोरा उभा.

"मग हा कोण? परस्पर एक माणूस ठेवलात आणि वर आणखी एक मागताय? सरकार म्हणजे सासर वाटलं का तुम्हाला?"

"तो माझा कोट आहे, साहेब. काठीवर अडकवतो आणि वर टोपी ठेवतो. शेजारी माणूस दिसला की कडा केवढा उंच आहे ते कळतं."

साहेब पोट धरधरून हसले. हसता हसता शेवटचा फोटो त्यांच्या हाती आला. त्यात ना कडा होता, ना दगड. तंबूपुढे तोच कोट, टोपी जरा ऐटीत तिरकी, आणि त्याच्यासमोर चहाचे दोन पेले.

साहेबांचं हसू ओसरलं. "इथे कशाची उंची दाखवायची होती?"

तो हातातली टोपी चाचपत राहिला.

"कशाचीच नाही, साहेब. त्या दिवशी रविवार होता."