उसनं नाक

"वैजे, पाच नंबर. प्यायची नाही हां, नुसता वास."

"तीन महिने तेच करतेय ना, अण्णा!" मी खेकसले.

तापात अण्णांची वास घ्यायची ताकद गेली आणि कंपनीत ते कोणालाच माहीत नाही. व्हिस्कीची पिंपं पास-नापास करायची त्यांची नोकरी. मी शाळा सोडून घरीच होते, म्हणून नमुन्याच्या बाटल्या गुपचूप घरी यायला लागल्या आणि मी या ओट्याला बांधली गेले. मावशीच्या पार्लरात शिकायला नाशिकला जाते म्हटलं की आई रडते.

पाच नंबर म्हणजे शेरी वाइनच्या जुन्या पिंपात मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की. रंग काकवीसारखा झक्कास, पण नाकात शिरली ती जळक्या आगकाडीची घाण. असलं पिंप पास झालं तर साहेब अण्णांना त्याच दिवशी घरी बसवतील. मग मी सुटेन.

"मनुका," मी म्हणाले. "अंजीर, संत्र्याची साल. एकदम पास."

अण्णांनी लिहिलं. मग ग्लास स्वतःच्या नाकाशी धरून डोळे मिटले आणि एकदम हसले. "अगं, मनुका! आली बघ! थोडीशीच, पण आली!"

माझं डोकंच फिरलं. त्यांच्यावर, माझ्यावर, सगळ्यावर.

"काही आलं नाही, अण्णा!" मी ओरडले. "मी खोटं बोलले. आगकाडी जळल्याचा वास मारतोय. खोडा ते, नापास लिहा."

अण्णांनी माझ्याकडे न बघता खोडलं. मग सहा नंबरची बाटली उघडली, ग्लासात ओतली आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला.