हिरव्या पट्ट्यातला लाल ठिपका

घर वाटून झालं होतं. मिक्सर तिला, इस्त्री त्याला, सोफा खाली तिच्या टेम्पोत. भिंतीवरचं चित्र तेवढं राहिलं होतं आणि ते दोघांनाही हवं होतं.

"तुला कशाला?" तो म्हणाला. "तुला शेतं कुठे आवडतात?"

"कुठलं शेत? समुद्र आहे तो."

दोघांनी चित्राकडे पाहिलं. लग्नाच्या वर्षापासून ते तिथेच होतं. खाली हिरवा पट्टा, वर राखाडी, हिरव्यातून तिरकी गेलेली पांढरी रेघ आणि रेघेच्या टोकाला लाल ठिपका. त्याच्या मते रेघ म्हणजे पायवाट आणि ठिपका म्हणजे दिवा लागलेलं घर. तिच्या मते ठिपका म्हणजे होडी आणि रेघ म्हणजे ती निघून जाताना पाण्यावर राहिलेला माग. म्हणजे इतकी वर्षं एकाच छताखाली तो शेतात राहत होता आणि ती समुद्रावर. भाडं मात्र एकच जात होतं.

निवाड्याला तिचे मामा होते. मामांचा धंदा वॉटरप्रूफिंगचा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, रेघेवरून नख फिरवलं आणि हा तडा आहे, ओल ठिपक्यापासून शिरतेय, मागची भिंत आधी तपासून घ्या, असा निकाल दिला. मग ते टेम्पोवाल्याशी हुज्जत घालायला खाली गेले.

तो म्हणाला, कामावरून आलो की मी आधी त्या घराकडे बघतो, मग बूट काढतो. आता आल्यावर बघायला दुसरं काही उरणार नाही. एरवी अशा वेळी त्याचा आवाज चढायचा. आज चढला नाही.

तिने खिळ्याकडे नेलेला हात खाली घेतला. राहू दे तुझ्याकडेच, म्हणाली. पर्स खांद्याला लावली आणि दारात थांबली.

"एक सांग. तुझ्या त्या घरात दिवा कोण लावतं?"

त्याला प्रश्नच कळला नाही.

"कोण म्हणजे? लागलेलाच असतो."

"हं," ती म्हणाली आणि जिना उतरली.

टेम्पो गेल्याचा आवाज आला. तो चित्रासमोर फरशीवर बसला. बाहेर अंधारून आलं. आधी ठिपका दिसेनासा झाला, मग हिरवा, मग राखाडी. रेघ तेवढी थोडा वेळ टिकली.

दिव्याचं बटण हाताशीच होतं. तो वाट बघत बसला.