माना खाली

"माना खाली!" नाझी छावणीत रोज सकाळी कानी पडणारा पहारेकऱ्याचा तो आवाज साठ वर्षं याकोबआजोबांच्या कानात राहिला होता, जात्यात अडकलेल्या खड्यासारखा. पुढे ते मुंबईला आले, कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंपैकी असलेल्या आजीशी लग्न करून मराठी झाले, म्हातारपणी नात नओमीकडे सिंगापूरला आले. पण त्या पहारेकऱ्याच्या शोधात देशोदेशी पत्रं लिहिणं त्यांनी सोडलं नाही.

आज मरीन परेडच्या फ्लॅटवर जर्मनीतल्या सरकारी वकिलांचं पाकीट आलं. आत सहा म्हाताऱ्यांचे तरुणपणचे फोटो. त्यातला तो कोणता, एवढं आजोबांनी सांगितलं की खटला उभा राहणार होता.

आजोबा भिंग फिरवत राहिले. नओमीनं केलेला चहा गार झाला, दुसरा केला, तोही झाला.

"आजोबा, बाजारात पापलेटाचा नुसता डोळा बघून तुम्ही ताजं-शिळं सांगता. मग इथे काय अडलंय?"

"यांना जरा बोलायला लावता येईल का गं?"

"फोटोंना?" ती हसली. आजोबांनी पहिला फोटो पुन्हा भिंगाखाली धरला. "तुमच्या बहिणीला त्यानं तुमच्यासमोर गोळी घातली ना? प्रत्येक पत्रात मीच टाइप केलंय, 'मी त्याला पाहिलं.'"

आजोबांनी भिंग खाली ठेवलं.

"पाहिलं नाही, बाळ. नुसतं ऐकलं. मान वर करणाऱ्याला तो जिवंत सोडत नसे. मी केली नाही. तिनं केली."