दसऱ्याचं कुंकू

राजीनाम्याची मेल लिहून तयार होती, पण कर्सर काही केल्या ‘सेंड’वर थांबेना. विनितानं माऊसची वायर काढून लावली, पॅड पुसलं, कम्प्युटर बंद करून चालू केला. कर्सर आपला स्क्रीनवर माशीसारखा भिरभिरतच राहिला. घरबसल्या रोज दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून ती इतकी दमली होती की चिडायचंही त्राण नव्हतं. शेवटी तिनं माऊस उलटा केला. खाली लाल दिवा जळतो ते भोक कुंकवानं बुजलं होतं. “बाबा, हे काय?” सासरे ओशाळले. “काल दसरा होता ना गो. विक्रोळीच्या कारखान्यात लेथ मशीन पुजायचो. आता घर ह्याच्यावर चालतं. दिवा दिसला, तेच तोंड समजून कुंकू लावलं.” तिनं कापसानं भोक साफ केलं. कर्सर सरळ ‘सेंड’वर जाऊन थांबला. लाल झालेल्या बोटानं तिनं मेल बंद करून पुढची तक्रार उघडली.