गुंत्याचा आलेख

दादा गेला आणि त्याच्या क्रिप्टो चलनाचा सगळा कोड धाकटीच्या गळ्यात पडला. दोघं भावंडं प्रोग्रामरच. "झेपेल तुला?" नवऱ्याने विचारलं. "न झेपून सांगते कुणाला!" म्हणत तिने आधी कोडची गुंतागुंत मोजायला घेतली, अगदी पहिल्या वर्षापासून. दादाचा हात तिला ठाऊक होता. एक गाठ सोडवायला बसला की दोन नव्या मारूनच उठायचा. आलेखही तसाच, दर वर्षी वर वर चढत गेलेला.

शेवटच्या वर्षी मात्र रेघ चक्क खाली वळली होती. लांबलचक कोडचे छोटे छोटे तुकडे केलेले, आणि प्रत्येक तुकड्यावर लहान मुलाला समजवावं तशी टीप. एका टिपेत लिहिलं होतं, "धाकटे, इथे घाई करू नकोस."

तिने वहिनीला फोन लावला. "वहिनी, दादाला आजाराचं कळलं कधी गं?"

"शेवटच्या महिन्यात. डॉक्टरांनाच उशिरा कळलं, असं हेच म्हणाले होते ना आपल्याला."

फोन ठेवून धाकटीने रेघ जिथून खाली वळली होती, तिथली तारीख पाहिली.



ती तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची होती. आणि लग्नात सगळ्यांत जास्त दादाच नाचला होता.