टॉवेल टाकलेली खुर्ची

"निघालेत साहेब, दहाच मिनिटं!" फोन कानाला लावून दिनकरराव फाटकातून ओरडले. आमदार म्हणजे आपला शाळूसोबती, लेकीच्या दवाखान्याची फीत तोच कापणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

दोन तास पाहुणे ताटकळले होते. लेकीची आई, हेमाताई, पहाटेपासून उभ्याच होत्या. पोटऱ्या भरून आल्या होत्या. पोरीच्या बारशाला आणि घराच्या वास्तुशांतीलाही साहेब असेच निघाले होते.

साहेबांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकलेला होता. हेमाताई जाऊन त्यावरच बसल्या.

"अगं, ती साहेबांची..."

"आले की उठेन," त्या म्हणाल्या आणि लेकीकडे वळल्या. "काप गं फीत."

टाळ्या वाजल्या. दिनकररावांनी फोन खिशात ठेवला आणि साहेबांसाठी झाकून ठेवलेलं पाणी निमूटपणे बायकोपुढे धरलं.